मुलांच्या हातचा बाळंतविडा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी रुग्णालयात जन्मणाऱ्या बाळांसाठी शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींनी स्वतःच्या हातांनी टोपडी, झबली, दुपटी शिवून द्यावीत, असा उपक्रम आपल्या गावी सुरू करू पाहणारे शिक्षक, वाचनालयांचे कार्यकर्ते, महिला मंडळे आणि पालक काही प्रश्न हमखास विचारतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

बाळंतविड्यात नेमके काय असावे?

साधारणपणे एका बाळासाठी दोन झबली, दोन टोपडी, चार-पाच लंगोट, दोन दुपटी आणि हे सर्व मावेल अशी एक कापडी पिशवी पुरेशी होते. बाळाच्या आईसाठी कानाला बांधायचा सुती रुमाल किंवा स्कार्फ त्यात घातला तर तो हमखास वापरला जातो. बाळंतविडा म्हटले की आपल्याकडे सगळे लक्ष बाळाकडे जाते आणि जिची प्रसूती झाली ती बाई मागे राहते, म्हणून हा रुमाल विसरू नये, असा आमचा आग्रह असतो. मोजे करायचे असतील तर आधी पुढे दिलेली सुट्या दोऱ्यांविषयीची सूचना वाचावी.

तयार कपडे बाजारात स्वस्त मिळतात. मग पैसे गोळा करून तेच का देऊ नयेत?

केवळ कपडे पोहोचवणे एवढाच हेतू असेल तर जरूर तसे करावे. त्यात काहीही कमी प्रतीचे नाही. मात्र या उपक्रमाचे दोन हेतू आहेत आणि दोन्ही सारखेच महत्त्वाचे आहेत. बाळाला अंगभर मऊ कपडा मिळावा हा पहिला, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आपण केलेली वस्तू कोणाच्या तरी खरोखर उपयोगी पडते हे स्वतःच्या हातांनी कळावे हा दुसरा. वर्गणीचे पन्नास रुपये बहुतेक वेळा आईवडिलांच्या खिशातून येतात, आणि मुलाचा सहभाग ते वर्गशिक्षकांकडे देण्यापुरताच उरतो. टोपड्याची शिवण सरळ येईपर्यंत मात्र त्याला स्वतःलाच बसावे लागते.

हा विचार नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती शिक्षणाची मांडणी करण्याचा आग्रह धरला होता आणि त्यातूनच पुढे ‘नई तालीम’ ही शिक्षणपद्धती उभी राहिली. सूतकताई हा विरंगुळा न मानता तिच्यातून गणित, भूगोल आणि समाज शिकावा, ही त्यामागची दृष्टी होती. त्या विचाराचे पुढे काय झाले हा वेगळा विषय आहे, पण हातांना खरे काम दिल्याने मूल शिकते, हे आजही कोणत्याही शिवणवर्गात दिसते.

सुरुवात कोठून करावी?

सुरुवात रुग्णालयापासून करावी. उत्साहाच्या भरात आधी शंभर टोपडी शिवून मग ती घेणारे कोणी शोधणे, हा क्रम उलटा आहे. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षकांना रीतसर पत्र द्यावे आणि त्यांच्या परवानगीने प्रसूती कक्षाच्या परिसेविकांना, म्हणजे प्रमुख परिचारिकांना, भेटावे. कोणत्या मापाचे कपडे कमी पडतात, बाळे किती वजनाची असतात, कपडे निर्जंतुक कसे केले जातात आणि कोणत्या वस्तू मुळीच नकोत, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकत नाही. काही ठिकाणी शासनाच्या योजनेतून बाळासाठी संच मिळतो. तेथे झबली पुरेशी असतात, पण दुपटी किंवा कमी वजनाच्या बाळांची टोपडी हवी असतात. दुर्गम भागात प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आशा सेविका यांच्यामार्फत वस्तू थेट घरापर्यंत जाऊ शकतात.

ऋतूचाही विचार करावा. डिसेंबर-जानेवारीत चिखलदऱ्याच्या किंवा सातपुड्याच्या पट्ट्यात जे हवे असते, ते मे महिन्यात चंद्रपूरला नको असते. उन्हाळ्यात तेथे जाड लोकरी टोपडी पाठवणे बाळाच्या हिताचे नाही, कारण थंडीइतकाच उकाड्याचाही नवजात बाळाला त्रास होतो.

टोपड्याला एवढे महत्त्व का?

नवजात बाळाच्या शरीराच्या मानाने डोके मोठे असते आणि त्यातून बरीच उष्णता निघून जाते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला स्वतःची ऊब टिकवणे अवघड जाते. अशा बाळांसाठी सरकारी रुग्णालयांतही ‘कांगारू मदर केअर’ ही पद्धत वापरली जाते. १९७८ साली कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे, उबदार पेट्या (इन्क्युबेटर) अपुऱ्या पडत असताना, डॉक्टरांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लागेल असे ठेवण्यास सुरुवात केली आणि ती पद्धत पुढे जगभर पोहोचली. या वेळी बाळाच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपडे एवढेच असते. म्हणजे आठवीतल्या मुलाने शिवलेले टोपडे हे त्या उपचाराच्या वेळी बाळाच्या अंगावर असणाऱ्या दोन-तीन कपड्यांपैकी एक आहे. मुलांना हे समजावून सांगितले की त्यांची काम करण्याची पद्धत बदलते. टाका नीट का घालायचा, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

टोपडे कसे करावे, हे थोडक्यात सांगता येईल का?

नवशिक्या मुलांसाठी जुन्या सुती टी-शर्टचे होजिअरी कापड सर्वांत सोयीचे असते, कारण ते ताणते आणि बंदांशिवाय डोक्यावर बसते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. त्यासाठी कापड ज्या दिशेने जास्त ताणते त्या दिशेने ३४ सेंटिमीटर आणि उभ्या दिशेने १८ सेंटिमीटर असा तुकडा कापावा. आखूड कडा एकमेकींवर ठेवून एक सेंटिमीटर आत टीप घालावी, म्हणजे ३२ सेंटिमीटर घेराची नळी तयार होते. खालची कडा तीन सेंटिमीटर वर दुमडून हलक्या हाताने हेम करावी. येथे दोरा ओढून घेतला तर कापडाचा ताण जातो आणि टोपडे कपाळावर वळ उठवते. वरच्या कडेला दुहेरी दोऱ्याने धावदोरा घालून चुण्या ओढाव्यात, भोक पूर्ण बंद होईपर्यंत आवळावे आणि दोन-तीन वेळा पक्के करून दोरा आतल्या बाजूला लपवावा.

कमी वजनाच्या बाळांसाठी माप रुग्णालयाकडूनच घ्यावे. टोपडे पूर्ण झाले की ते उलटे करून आतली शिवण आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहावी. जेथे टोचते तेथे गाठ वर आलेली असते किंवा दोरा जाड पडलेला असतो. ही तपासणी ज्याने शिवले त्यानेच प्रथम करायची, असा नियम ठेवावा. मुले मग एकमेकांची टोपडीही तपासू लागतात आणि त्यांचे निकष मोठ्यांपेक्षा कडक असतात.

जुने कापड चालते का?

चालते, आणि नवजात बाळासाठी ते अनेकदा नव्यापेक्षा चांगले असते. बाळाला पहिले काही दिवस वापरून मऊ झालेले सुती कापडच घालायचे, हा आपल्या घरांतला रिवाज समजूतदारपणाचा आहे, कारण नव्या कापडाची खळ आणि रंग त्वचेला त्रास देऊ शकतात. आजीच्या सुती साड्या, धोतरे, मलमलीच्या ओढण्या यांची दुपटी उत्तम होतात. साडेपाच मीटरच्या साडीतून ९० सेंटिमीटरचे सहा चौकोन निघतात, म्हणजे कागदावर तीन दुहेरी दुपटी. प्रत्यक्षात विरलेला भाग, निऱ्यांशी झिजलेली पट्टी आणि जरीचा पदर वगळावा लागतो, त्यामुळे बहुधा दोनच मिळतात. जर टोचते, म्हणून ती कितीही सुंदर असली तरी बाळाच्या कपड्यात नको. सिंथेटिक, नायलॉन आणि पॉलिस्टर मिसळलेले कापडही नको. जमा झालेल्या कपड्यांत ते हमखास येते, तेव्हा ते बाजूला काढण्याचे काम लहान मुलांना द्यावे. हाताला कापड ओळखता येणे हेही शिक्षणच आहे.

जुन्या कापडाबाबत एक सूचना मात्र अत्यंत गंभीरपणे घ्यावी. ट्रंकेत किंवा कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेले कापड बाळाच्या कपड्यांसाठी घेऊ नये. या गोळ्यांत नॅफ्थलीन असते, आणि ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. कोणत्या बाळात ही कमतरता आहे हे बाहेरून दिसत नाही. साड्या देणाऱ्या घरांना ही गोष्ट आवाहनातच लिहून कळवावी आणि वास येणारी साडी संकोच न करता परत करावी. ती साडी पिशव्यांसाठीही वापरू नये, कारण त्याच पिशवीत बाळाचे कपडे राहणार असतात.

निवडलेले कापड शिवण्यापूर्वी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. रंग जातो का, हे पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून पाहावे. शिवून झाल्यावर पुन्हा एकदा साध्या साबणाने धुवावे. सुवासिक द्रव्ये वापरू नयेत.

बटणे, लेस, मणी, लोकरीचे गोंडे लावले तर मुलांना अधिक आनंद होईल ना?

आनंद होईल, पण ते लावू नयेत. बटण किंवा मणी तुटून बाळाच्या तोंडात जाऊ शकतो, आणि गळ्याभोवतीची नाडी आवळली जाऊ शकते. झबले पुढून उघडे ठेवून कडेला कापडाचे आखूड बंद लावावेत. मोज्यांच्या आतले सुटे दोरे बारकाईने कापावेत, कारण असा दोरा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा थांबू शकतो आणि मोजा न काढल्यास ते कोणाच्या लक्षातही येत नाही. सजावटीची हौस पिशवीवर भागवावी. तेथे कशिदा, ठसेकाम, वारली चित्रे, आपले नाव न लिहिता काढलेले एखादे फूल, काहीही शोभते, आणि मुले तेथे खरोखर मन लावून काम करतात.

कोणत्या वयात कोणते काम द्यावे?

वयापेक्षा हात पाहावा, हे खरे, तरीही ढोबळ अंदाज असा की सहा-सात वर्षांची मुले कापड निवडणे, घड्या घालणे, पिशवीवर ठसे उमटवणे ही कामे आनंदाने करतात. नऊ-दहा वर्षांपासून सुई ओवणे, धावदोरा आणि हेम जमू लागते. उलटी टीप घालणे, कात्रीने मापात बेतणे आणि क्रोशाचे काम बारा वर्षांपुढे सोपे जाते. शिवणयंत्र मोठ्या माणसाने शेजारी बसूनच हाताळू द्यावे. सुया मोजून द्याव्यात आणि मोजून परत घ्याव्यात. हरवलेली सुई सापडेपर्यंत कोणतीही वस्तू पिशवीत भरायची नाही, हा नियम कधीही शिथिल करू नये.

मुलगे या कामाला तयार होतात का?

विचारणाऱ्याने आधीच नकार गृहीत धरलेला नसेल तर होतात. ‘मुलींनी शिवावे आणि मुलग्यांनी खोकी उचलावीत’ अशी वाटणी बहुधा मोठी माणसेच करतात. गावातल्या शिंप्यांना एखाद्या शनिवारी शिकवायला बोलवावे. गावोगावी हे काम पुरुषच करत आले आहेत, आणि संत नामदेवांचे कूळही शिंप्याचेच. कारागिराचा हात प्रत्यक्ष चालताना पाहिला की मुलग्यांचा संकोच लवकर गळतो. त्या कारागिराला त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. सेवाभाव मुलांनी दाखवायचा आहे, त्याची रोजी बुडवून नव्हे.

वस्तू नीट झाली नाही तर काय करावे? मुलांचे मन कसे मोडायचे?

या प्रश्नाचे उत्तर टाळले की संपूर्ण उपक्रम पोकळ होतो. ‘मुलांनी केले आहे, चालून जाईल’ हे वाक्य आपण ज्या घरी वस्तू देतो त्या घराचा अपमान करणारे आहे. स्वतःच्या नातवाला जे घालणार नाही ते गरिबाच्या बाळाला द्यायचे नाही, एवढी एकच कसोटी पुरते. मुलांनाही खोटी वाहवा लगेच कळते. ‘छान, छान’ म्हणून घेतलेले टोपडे नंतर टेबलाखालच्या खोक्यात टाकलेले त्यांना दिसले, तर त्यांचे मन अधिक मोडते.

म्हणून चुकलेली शिवण उसवायला शिकवावी, आणि तेही काम म्हणूनच शिकवावे. उसवताना कापड फाटू नये यासाठी दर चौथा-पाचवा टाका कापून दोरा उलट बाजूने ओढायचा असतो, हे दाखवले की मुलांना त्यात कौशल्य दिसते. पहिल्या दोन बैठकांत केलेली प्रत्येक वस्तू सरावाची मानावी आणि ती ज्याने केली त्याने घरी न्यावी. त्यानंतर मापात न बसलेल्या तुकड्यांचे लंगोट, हातपुसणी, गोधडीचे ठिगळ असे काहीतरी करता येते. एखाद्या मुलाला शिवण जमतच नसेल तर त्याला बेतण्याचे, नोंदवहीचे किंवा रुग्णालयाशी पत्रव्यवहार करण्याचे काम द्यावे. तेही तितक्याच जबाबदारीचे आहे.

गोधड्या शिवाव्यात का?

गोधडी जरूर शिवावी, पण ती आईसाठी किंवा मोठ्या भावंडासाठी. झोपलेल्या तान्ह्या बाळावर जाड पांघरूण टाकणे धोक्याचे असते, कारण ते तोंडावर येऊ शकते. गोधडीचा खरा लाभ असा की ती एकट्याने होत नाही. घरोघरच्या आजींना बोलावले, जमिनीवर साड्यांचे थर अंथरले आणि चार कोपऱ्यांनी चारजण बसले की दोन पिढ्या एकाच धावदोऱ्यावर काम करू लागतात. आपली वाकळ कशी शिवली जायची, हे सांगताना आजी जे बोलतात ते मुलांनी लिहून ठेवावे, अशी आमची विनंती असते.

शाळेच्या वेळापत्रकात हे कसे बसवावे?

कार्यानुभवाच्या तासिका आणि शनिवारची सकाळ एवढा वेळ पुरतो. महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना वर्षाला १२० तास सेवाकार्य करायचे असते, त्यात हे काम कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या संमतीने घेता येते. सहामाही आणि वार्षिक परीक्षांच्या आधीचा महिना सोडून द्यावा. रुग्णालयाला ‘दर महिन्याला’ असा शब्द देण्याऐवजी ‘वर्षातून दोनदा’ असा द्यावा आणि तो पाळावा.

वस्तू विकून आलेले पैसे दिले तर चालतील का?

दिवाळीपूर्वी पणत्या, आकाशकंदील, पाकिटे करून विकणे आणि त्यातून कापड-दोऱ्याचा खर्च भागवणे, हा मार्ग अनेक शाळांत रुळलेला आहे. धर्मादाय कारणासाठी लोकांकडून जाहीरपणे पैसे गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, हे लक्षात ठेवावे. गणेश मंडळांना ही प्रक्रिया चांगली माहीत असते. वस्तुरूप देणगीवर देणगीदाराला आयकर सवलत मिळत नाही, तेव्हा तसे आश्वासन कोणाला देऊ नये. हिशेबाची वही मुलांनीच लिहावी आणि ती पालकांना पाहता यावी.

मुलांना विक्रीचे लक्ष्य किंवा वस्तूंचा कोटा द्यावा का?

देऊ नये. सक्ती आली की सेवा संपते, आणि घरी आईने रात्री जागून शिवलेली टोपडी सकाळी मुलाच्या नावावर जमा होतात. चौदा वर्षांखालील मुलांच्या श्रमावर कोणाचाही व्यवसाय चालत नाही ना, हेही संस्थाचालकांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे.

मुलांना रुग्णालयात नेऊन त्यांच्या हस्ते वाटप करावे का? छायाचित्रे काढावीत का?

प्रसूती कक्षात मुलांचा घोळका नेऊ नये. तेथे संसर्गाची भीती असते, आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला अनोळखी माणसांसमोर हात पुढे करून काही घ्यायला लावणे तर मुळीच योग्य नाही. दोन-तीन विद्यार्थी प्रतिनिधींनी शिक्षकांसह जाऊन वस्तू परिसेविकांच्या स्वाधीन कराव्यात आणि नोंद करून पोच घ्यावी. छायाचित्र हवेच असेल तर घडी घातलेल्या कपड्यांचे, शिवणाऱ्या हातांचे काढावे. बाळाचे, आईचे किंवा तिच्या केसपेपरचे छायाचित्र कोणत्याही कारणाने काढू नये. मुलांची छायाचित्रेही पालकांच्या लेखी संमतीशिवाय प्रसिद्ध करू नयेत.

परदेशातील मराठी मंडळांना यात सहभागी होता येईल का?

येईल, परंतु कपडे भारतात पाठवण्यापेक्षा आपल्याच शहरातील रुग्णालयाला विचारणे श्रेयस्कर आहे. टपालखर्चात भारतात कितीतरी जास्त कापड येते, आणि अपुऱ्या दिवसांची बाळे तेथेही जन्मतात. तेथील नवजात कक्षांचे धागा, माप आणि धुलाई यांविषयीचे नियम काटेकोर असतात, ते आधी मागवून घ्यावेत. मंडळाच्या मराठी शाळेतील मुलांनी आजीकडून झबले बेतायला दूरचित्रसंवादावर शिकावे. कागदी बेत आजीने येथे धरला की मुलांना तेथे तसाच कापता येतो.

कपडे दिल्यानंतर पुढे काय करावे?

दोन-तीन आठवड्यांनी परिसेविकांना पुन्हा भेटावे आणि काय वापरले गेले, काय पडून राहिले, धुतल्यावर कोणती शिवण उसवली, हे विचारावे. शक्य असल्यास उसवलेली एखादी वस्तू परत मागून घ्यावी आणि वर्गात सर्वांना हाताळू द्यावी. पुढच्या खेपेचा बेत, माप आणि कापडाची यादी मुलांनी त्या टिपणावरूनच ठरवावी.